सायीखालची पाहुणी

डॉन फादरिकेंच्या कोठारात एक शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. तो शब्द म्हणजे व्हिनेगर. सानलूकार गावात तो कुणीही कुठंही उच्चारावा, किराणा दुकानात बाटली मागावी, घरी टोमॅटोवर शिंपडावं. पण जिथं वाइन मुरते त्या छपराखाली नाही. कामगार त्याला ‘पाहुणी’ म्हणत. एखाद्या पिंपातली वाइन बिघडून आंबायला लागली, की ‘पाहुणी आलीय’ एवढंच कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगे. मग भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, ते पिंप मागच्या दारानं बाहेर जाई आणि लांबच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडे. रिकाम्या जागी दुसरं पिंप सरकवलं जाई. त्याबद्दल कुणी विचारत नसे. फक्त ज्या मुकादमाच्या देखरेखीत पाहुणी आली, त्याच्या कमरेची किल्ली पुढच्या सुगीच्या आत दुसऱ्याच्या कमरेला गेलेली असे.

घरातही तोच नियम होता. सॅलडवर लिंबू पिळायचं. व्हिनेगरची एकच बाटली होती, ती अंगण ओलांडून कोंबड्यांच्या खुराड्यामागं, तांब्याची भांडी घासण्यापुरती. सून म्हणून ब्रिखिदा या घरात आली तेव्हा हे ऐकून तिला हसू आलं होतं. तिचा नवरा गास्पार मात्र हसला नव्हता.

गास्पार दोन हिवाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हापासून ब्रिखिदा कोठारात येऊ लागली. ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं आणि येऊ नकोस असंही नाही. खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, जमिनीवरच्या पिवळ्या वाळूवर पाणी मारून घ्यायचं, असली कामं गास्पार करायचा. ती आता कुणीतरी करायला हवी होती. तिचे सासरे, म्हातारे डॉन फादरिके, रोज सकाळी काठी टेकत एक फेरी मारत. बाकीचं सगळं मुकादम मेल्चोर बघे.

त्या ऑगस्टात लेवान्ते सुटला आणि थांबायचं नाव घेईना. हा पूर्वेचा वारा, कोरडा आणि तापलेला. समुद्राकडून ओल घेऊन येणारा पोनिएन्ते कुठं दडी मारून बसला होता कुणास ठाऊक. कोठाराच्या पश्चिमेच्या खिडक्या त्याच्यासाठी उघड्या ठेवलेल्या, पूर्वेच्या गवती पडद्यांनी बंद. तरीही दुपारपर्यंत वाळू कोरडी ठणठणीत होई.

“या वाऱ्यात माझी बायको काल रेडिओशी भांडली,” पाणी मारणारा एक कामगार म्हणाला.

“जिंकलं कोण?” दुसऱ्यानं विचारलं.

“बातम्या संपेपर्यंत रेडिओ. मग ती.”

ब्रिखिदा हसली आणि मधल्या रांगेतल्या, खांबाजवळच्या पिंपापाशी थबकली. बुचाभोवती चिलटं घोंघावत होती. इतर पिंपांवर एखाददुसरं. इथं मात्र पुंजकाच.

ती स्टुलावर चढली आणि तिनं बूच उचललं. इथली पिंपं काठोकाठ भरत नाहीत. वर हवा मोकळी ठेवतात, आणि त्या हवेत वाइनवर दुधावर धरावी तशी साय धरते. पांढरट, सुरकुतलेली. तीच वाइनला हवेपासून राखते आणि तिला तो खारट, बदामासारखा वास देते. सायीला गारवा लागतो, ओल लागते. या पिंपातली साय फाटली होती. मधे राखाडी डाग पडले होते आणि त्या डागांतून जो वास आला तो ब्रिखिदाच्या टाळूपर्यंत गेला. लाकडाला द्यायच्या ताज्या व्हार्निशसारखा तिखट.

तिचं माहेर बालबाइनाच्या टेकड्यांवरचं. पांढऱ्या चुनखडीच्या मातीत पालोमिनो द्राक्षांचे वेल वाढवण्यात तिच्या वडलांचं आयुष्य गेलं होतं. घरची एक घागर कधी बिघडली तर ते बिनदिक्कत म्हणायचे, ‘व्हिनेगर झालं गं, लोणच्याला घ्या.’ हा वास ओळखायला तिला दुसऱ्यांदा नाक खाली न्यावं लागलं नाही.

“सेन्योरा, उतरा. पडाल,” मागून मेल्चोर म्हणाला.

“मेल्चोर, हे पिंप पाहिलंस?”

“पाहिलंय.”

“वास घेतलास?”

“वाऱ्याचा वास आहे. लेवान्ते आहे ना.” मेल्चोर पन्नाशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा माणूस होता. आत्ता तो तिच्या खांद्याकडेही बघत नव्हता. “मालकांनी सोमवारी नाकाशी धरलं. ‘गरमीनं दमलंय’ म्हणाले. निकोप आहे म्हणाले.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मालक बोलल्यावर मी काय बोलणार?”

ब्रिखिदा खाली उतरली. “शनिवारी खेरेसचा व्यापारी येतोय.”

“येतोय.”

“खालची रांग काढणार, मग मधली खाली उतरवणार. हेही उतरवणार?”

मेल्चोरनं बुचावरची चिलटं हातानं हाकलली. ती उडाली आणि परत बसली.

यात काय धोका होता ते त्या कोठारातल्या भिंतींनाही माहीत होतं. पिंपांच्या तीन रांगा एकावर एक रचलेल्या. विकायची वाइन फक्त जमिनीवरच्या रांगेतून काढायची, तीही थोडीच. जेवढी काढली तेवढी मधल्या रांगेतून भरायची, मधलीत वरच्या रांगेतून, आणि वरच्या रांगेत यंदाची नवी. पण एका पिंपातली वाइन खालच्या एकाच पिंपात जात नाही. रांगेतल्या सगळ्या पिंपांची एकत्र करतात आणि खालच्या सगळ्यांत घागरी-घागरीनं वाटतात. म्हणून तर डॉन फादरिकेंच्या आजोबांनी भरलेल्या पहिल्या वाइनचा अंश आजही जमिनीवरच्या प्रत्येक पिंपात होता. जुनं विरजण घराण्यात चालत यावं तसा. चांगुलपणा ज्या वाटेनं खाली उतरला होता, त्याच वाटेनं खोटही उतरणार होती. खालची रांग गेली की घर गेलं. शेत नव्हतं, दुसरा धंदा नव्हता. होती ती ही रांग.

“बाहेर काढ ते,” ब्रिखिदा म्हणाली. “आज दुपारीच. मी काही विचारणार नाही.”

“खडूची खूण केल्याशिवाय पिंप हलत नाही, सेन्योरा. खूण मालक सांगतात, मी करतो.”

“मग त्यांना सांग.”

“काय सांगू? तुमचं नाक खोटं म्हणून?” तो आवाज खाली आणून बोलू लागला. “माझा बाप इथंच मुकादम होता. त्यानं सांगितलं होतं एकदा. शब्द नव्हता उच्चारला, नुसतं पिंपाकडे बोट दाखवलं होतं. पुढची सगळी वर्षं त्यानं बोनान्साच्या धक्क्यावर दुसऱ्यांची जाळी विणली. आणि तुम्हीही जरा जपून असा. काळे कपडे घातलेली बाई कोठारात यायला लागली आणि पाहुणी आली, असं बोलायला गावाला कितीसा वेळ लागतो?”

“तू बोलशील?”

“मी बोलत नाही म्हणूनच इथं आहे,” मेल्चोर म्हणाला आणि बुचावर ओला कपडा टाकून निघून गेला.

दुपारी ब्रिखिदानं स्वतः स्वयंपाक केला. मनात एक शंका होती. ती खरी ठरू नये असं तिला वाटत होतं. तिनं तव्यावर लसूण टाकला आणि काळा कोळसा होईस्तोवर हलवला नाही. धूर जेवणाच्या खोलीत शिरला. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, काय जळतंय म्हणून. डॉन फादरिके टेबलाशी बसून पावाचा तुकडा मोडत होते.

“मासे कुठले?” त्यांनी विचारलं.

“अंगणातल्या कढईत आहेत, बाबा. आणते.”

“काही घाई नाही. वास छान सुटलाय.”

ब्रिखिदा दारातच उभी राहिली. हिवाळ्यात त्यांना ताप आला होता. तो आठवडाभर राहिला, मग गेला. जाताना काय घेऊन गेला हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रोजच्या फेरीत मेल्चोर आधी बोलायचा आणि ते नंतर, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ‘हे जरा चढतंय, मालक.’ ‘हो, चढतंय.’ ‘हे शांत आहे.’ ‘शांत आहे.’ मेल्चोर त्यांचं नाक झाला होता. आणि ज्या पिंपापुढं मेल्चोर गप्प राही, तिथं म्हाताऱ्याला आठवणीतून काहीतरी काढून द्यावं लागे. गरमीनं दमलंय. निकोप आहे.

“बाबा,” मासे वाढताना ती म्हणाली, “खांबाजवळचं पिंप मला बरं वाटत नाही.”

त्यांनी माशाचा काटा नीट काढून ताटाच्या कडेला ठेवला. “तुला कधीपासून वाटायला लागलं?”

“चिलटं खूप आहेत.”

“चिलटं सगळीकडे असतात, पोरी. गास्पारही लहानपणी घाबरायचा त्यांना.” ते हसले. “शनिवार जाऊ दे. मग बघू.”

शनिवारनंतर बघण्यासारखं काही उरणार नव्हतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. हे कोठार तिच्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गाव झोपल्यावर ब्रिखिदा शाळेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला खडू घेऊन कोठारात गेली. बाहेर वारा शिट्ट्या घालत होता, आत पडद्यांचं गवत करकरत होतं. चांगल्या पिंपावर एक रेघ ओढतात. पाहुणी आलेल्यावर जाळी: चार उभ्या रेघा, चार आडव्या. पिंपांची तोंडं काळ्या रंगानं रंगवलेली, त्यावर खडू लख्ख उठतो. तिनं खांबाजवळच्या पिंपावर जाळी काढली आणि उरलेला खडू एप्रनच्या खिशात टाकला. कामगार आले की ती खूण बघतील. खूण केलेलं पिंप कुणी खाली उतरवणार नाही, कुणी काढली असंही विचारणार नाही. तोंडानं काही बोलायची गरजच नाही. या लोकांची रीत आपल्यालाही जमते, असं तिला क्षणभर वाटलं.

ऊन कलल्यावर ती परत गेली तेव्हा पिंपाचं तोंड काळंभोर होतं. ओल्या फडक्यानं पुसलेलं. ओल अजून वाळली नव्हती.

तिला मेल्चोरचा राग आला. तो दारातच भेटला. “तूच पुसलीस?” तिनं विचारलं.

“काय पुसलं?” मेल्चोरनं पिंपाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, ज्यांवर खडू होता. त्याचा चेहरा उतरला. “सेन्योरा, मी आत्ता येतोय. धक्क्यावर गेलो होतो.”

खोटं बोलणारा माणूस इतका घाबरत नाही. ती घरी आली. डॉन फादरिके अंगणात खुर्ची टाकून बसले होते, नेहमीसारखे गळ्यापर्यंत बटणं लावलेले. गास्पार गेल्यापासून तेही काळाच कोट घालत. लिंबू मागण्यासाठी त्यांनी हात पुढं केला तेव्हा बाहीच्या कडेला पांढरा पट्टा दिसला. खडूचा. ओल्या फडक्यानं पुसताना लागलेला आणि नंतर वाळलेला.

ब्रिखिदानं लिंबू दिलं. त्यांनी ते सॅलडवर पिळलं आणि बिया एकेक करून काढल्या.

“बाबा, बाही भरलीय,” ती म्हणाली.

त्यांनी बाहीकडे पाहिलं. झटकली नाही. “भिंतीला लागली असेल,” ते म्हणाले. कोठाराच्या भिंतींना चुना होता हे खरं. अंगणातला द्राक्षवेल वाऱ्यानं भिंतीवर आपटत राहिला.

शनिवारी सकाळी, कामगार यायच्या आधी, डॉन फादरिके शेवटची फेरी मारायला आले. मेल्चोर लांब बोरूची पळी घेऊन तयार होता. ब्रिखिदा आधीच आत होती. एका उभ्या पिंपावर तिनं दोन ग्लास ठेवले होते, दोन्ही अर्धे भरलेले, दोन्ही फिक्या पेंढ्याच्या रंगाचे.

“हे काय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“तुम्हीच सांगा. नुसता वास घेऊन. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही म्हणतात.”

मेल्चोर एक पाऊल पुढं आला. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ब्रिखिदा म्हणाली, “मेल्चोर, तू बोलू नकोस. आज तू काही बोलू नकोस.”

तो थांबला. डावीकडच्या ग्लासाचा भपकारा त्याच्यापर्यंत पोचला होता. त्याचे डोळे बारीक झाले.

डॉन फादरिकेंनी काठी पिंपाला टेकवून ठेवली. उजवा ग्लास उचलला, फिरवला, नाकाशी नेला. मग डावा. तो त्यांनी जास्त वेळ धरला. डोळे मिटले. चाळीस वर्षं हा माणूस याच जागी असाच उभा राहिला होता, आणि खेरेसचे व्यापारी त्यांच्या भुवयांकडे बघून ठरवायचे.

“दोन्ही आपलीच,” ते म्हणाले. “खालच्या रांगेतली. डावी जरा जास्त मुरलेली. ही टोकाच्या, आजोबांनी भरलेल्या पिंपातली असणार.”

मेल्चोरनं डोक्यावरची टोपी काढली.

त्या हालचालीनं म्हाताऱ्यानं डोळे उघडले. टोपी पाहिली, सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्या ग्लासाकडे बघत होती. डावा ग्लास त्यांनी ओठांना लावला आणि एक घोट घेतला. नाक गेलं तरी जीभ शाबूत होती. त्यांचे गाल आत ओढले गेले. थुंकले नाहीत. गिळलं, आणि ग्लास इतक्या सावकाश खाली ठेवला की काचेचा आवाजही झाला नाही.

“कुठलं आहे हे?”

“खुराड्यामागचं,” ब्रिखिदा म्हणाली. मग तो शब्दही म्हणाली, त्या छपराखाली, साध्या आवाजात. “व्हिनेगर आहे, बाबा. खांबाजवळचं पिंप व्हिनेगर होतंय.”

काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. एक चिलट उजव्या ग्लासाच्या काठावर येऊन बसलं.

डॉन फादरिके तिच्यावर रागावतील, बाहेर काढतील, माहेरी जा म्हणतील, असं सगळं तिनं मनाशी धरलं होतं. पण ते मेल्चोरकडे वळले.

“कधीपासून?”

मेल्चोर टोपी हातात फिरवत राहिला.

“मी विचारतोय. कधीपासून?”

“वसंतातल्या जत्रेच्या आधीपासून, मालक.”

ब्रिखिदाला आधी वाटलं, ते नाकाबद्दल बोलताहेत. मग तिला उमगलं, प्रश्न पिंपाचा होता. जत्रेच्या आधी एकदा वाइन काढली होती. जूनमध्ये पुन्हा एकदा. दोन्ही वेळा मधली रांग खाली उतरवली होती, खांबाजवळच्या पिंपासकट. घागरी-घागरीनं, सगळ्यांत थोडी थोडी. ती जे थांबवायला आली होती ते दोनदा होऊन गेलं होतं. रांगेतून शिरलेला तो किडा गारव्यात गप्प पडून राहिला असेल. या गरमीत जागा झाला असेल.

“तुला वास येत होता,” म्हातारा म्हणाला.

“येत होता.”

“मग?”

“तुम्ही निकोप म्हणालात, मालक.”

“तू काही बोलला नाहीस म्हणून मी निकोप म्हणालो.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचंही खरं होतं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच समोरासमोर इतका वेळ उभे होते.

डॉन फादरिकेंनी काठी उचलली आणि खालच्या रांगेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, आजोबांच्या पिंपापासून जरा लांब. “खडू घे,” ते म्हणाले. “आता तू सांग. मला विचारू नकोस.”

मेल्चोरनं खिळ्याला लटकवलेल्या डबीतून खडू काढला. आधी मधली रांग. स्टूल ठेवलं, पहिलं बूच उचललं, वाकला. एक रेघ. दुसरं, एक रेघ. तिसऱ्यावर तो थांबला, पुन्हा वाकला, आणि जाळी काढली. चार उभ्या, चार आडव्या. खांबाजवळच्यावर न वाकताच काढली. त्याच्या पलीकडच्यावर जाळी. मग एक रेघ. ब्रिखिदानं श्वास सोडला. मग पुन्हा जाळी.

रांग संपवून तो खाली आला. जमिनीवरच्या रांगेसमोर गुडघे टेकून बसला. इथली बुचं काढायला वेळ लागतो, वरच्या रांगेचं लाकूड अंगावर येतं. त्यानं मान आत घातली. कोठारात फक्त वाऱ्याचा आवाज होता.

जाळी.

मेल्चोर पुढच्या पिंपाकडे सरकला. खडू काळ्या लाकडावर घासताना बारीक चिरकायचा. एकदा वाजला तर एक रेघ असते; ब्रिखिदा मोजायचं नाही म्हणून वर छताकडे बघत राहिली, पण आवाज एकदाच वाजून थांबत नव्हता.

मग पडद्यांची करकर बंद पडली. पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ओलसर, समुद्राचा वास असलेली हवा आत आली आणि तिच्या मानेवर टेकली. पोनिएन्ते. अंगणापलीकडे कुणीतरी आनंदानं शिट्टी वाजवली. कामगार येत होते. रेडिओशी भांडणाऱ्या बायकोचा नवरा मोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि बाकीचे हसत होते. त्यांच्यामागून लॉरीचा भोंगा ऐकू आला, एकदा, मग पुन्हा. खेरेसचा व्यापारी वेळेवर आला होता.

दार उघडायला कुणी गेलं नाही.

मेल्चोर रांगेच्या मध्यावर पोचला होता. आजोबांचं पिंप अजून पुढं होतं, टोकाला, जिथं म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. मेल्चोरनं बोटांकडे पाहिलं आणि पांढरा भुगा पँटला पुसला.

“खडू संपलाय, मालक,” तो म्हणाला.

डॉन फादरिकेंनी मान वळवली, पण मेल्चोरकडे नाही. ते ब्रिखिदाकडे बघत होते, तिच्या एप्रनच्या खिशाकडे.

तिनं तो खडू एका पिंपासाठी आणला होता. जवळजवळ अख्खाच उरला होता. तिनं तो काढला आणि मेल्चोरच्या हातात दिला.